आयडलला इंजिन डळमळते, कोड पी०१७१: बाहेरची हवा कुठून शिरते ते घरी कसे शोधावे

प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोल गाडी आहे. इंजिन गरम झाल्यावर उभ्या गाडीत आरपीएम एका जागी टिकत नाही, वरखाली होत राहतो. चेक इंजिनचा दिवा लागला आहे आणि स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचा कोड येतो. ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला, फरक शून्य. व्हॅक्यूम लीक, म्हणजे इंजिन जिथे हवा ओढून घेते तिथे एखाद्या फटीतून बाहेरची हवा शिरत असेल, तर तो घरी सापडेल का?

सापडेल. दुरुस्तीही बहुधा एखादी नळी, ओ-रिंग किंवा गॅस्केट एवढीच निघते. अडचण होते ती क्रम चुकल्यामुळे. बॉनेट उघडायचे आणि कार्ब क्लीनरचा डबा घेऊन दिसेल तिथे फवारत सुटायचे, ही सगळ्यात लोकप्रिय पद्धत आणि सगळ्यात फसवीही. आधी लीक आहे का ते आकड्यांवरून ठरवा. मग नळ्या एकेक करून बंद करा आणि लीक कोणत्या फांदीवर आहे ते काढा. फवारा किंवा धूर सगळ्यात शेवटी, नेमकी जागा पाहण्यापुरता.

हे सगळे पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. डिझेलमध्ये आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यात) असा व्हॅक्यूम तयार होत नाही, ब्रेक पेडल हलके करणाऱ्या बूस्टरसाठी तिथे बहुधा वेगळा पंप असतो, त्यामुळे खालचे आकडे डिझेलला लावू नका.

आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढतात पण वाट अरुंद, म्हणून मॅनिफोल्डमधला दाब ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. बाहेर समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ असतो. एवढा फरक असला की फटीतून हवा तिच्या कमाल वेगाने आत घुसते आणि व्हॅक्यूम आणखी वाढला तरी गळतीचे प्रमाण वाढत नाही. २ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून सेकंदाला साधारण अर्धा ग्रॅम हवा आत जाते. १.२ लिटरचे इंजिन आयडलला सेकंदाला जेमतेम २ ते ३ ग्रॅम हवा घेते. म्हणजे आगपेटीच्या काडीएवढ्या भोकाने वीसएक टक्क्यांचा गोंधळ होतो. आता तेच इंजिन गाडी उभी असतानाच २५०० आरपीएमवर धरा. त्याची हवेची गरज तिप्पट होते, भोकातून येणारी हवा मात्र तेवढीच राहते, आणि गोंधळ सहा-सात टक्क्यांवर येतो. संपूर्ण निदान या एका गोष्टीवर उभे आहे: व्हॅक्यूम लीक आयडलला ओरडतो आणि रेस दिली की गप्प होतो.

हे स्कॅनरवर पाहायचे. गाडीच्या ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) लागणारा साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचे अॅप पुरते. कूलंट ८० ते ९० अंशांवर आल्याशिवाय आकडे वाचू नका, कारण थंड इंजिनात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, अजून ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नसतो आणि आयडल मुद्दाम वाढवलेला असतो. एसी, दिवे, मागची काच गरम करणारी तार, सगळे बंद ठेवा. मग फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो (अधिक) किंवा कमी करतो (उणे). शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा बदल, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेला; दोन्ही पाहा आणि त्यांची बेरीज करा. नुसत्या एका आकड्यावर जाऊ नका. लीक जुना असेल तर शॉर्ट टर्म शून्याजवळ शांत दिसतो आणि सगळे ओझे लाँग टर्मने उचललेले असते.

बेरीज उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. आयडलला अधिक २२ आणि २५०० वर मिनिटभर धरल्यावर अधिक ५ असेल, तर व्हॅक्यूम लीक जवळजवळ नक्की. आयडलला अधिक ३ आणि रेस किंवा लोडवर अधिक १८ असेल, तर हवा विसरा. पेट्रोल कमी पडते आहे (पंप, फिल्टर, इंजेक्टर) किंवा एअर फ्लो सेन्सर मळला आहे आणि आत येणारी हवा कमी मोजतो आहे. दोन्हीकडे सारखाच, समजा अधिक १५, असेल तर पेट्रोलच्या दाबाकडे आधी बघा. व्ही इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा, म्हणजे बँका असतात. तिथे पी०१७१ आणि दुसऱ्या बँकेचा लीन कोड पी०१७४ दोन्ही आले तर दोष दोन्ही बँकांना समाईक असलेल्या जागी आहे. एकच आला तर त्या बाजूचे मॅनिफोल्ड गॅस्केट किंवा इंजेक्टरची ओ-रिंग.

इथे एक मोठा फाटा आहे, आणि तो न कळल्याने बरेच जण लीक नाहीच असे ठरवून मोकळे होतात. तुमच्या गाडीत हवा कशी मोजली जाते ते पाहा. एअर फिल्टरच्या डब्यातून बाहेर पडणाऱ्या पाइपवर चार-पाच तारांचा सेन्सर असेल तर तो मास एअर फ्लो, म्हणजे मॅफ. तो नसेल आणि मॅनिफोल्डवर छोटा काळा सेन्सर बसवलेला असेल तर गाडी मॅपवर, म्हणजे मॅनिफोल्डच्या दाबावर चालते. मॅफवाल्या गाडीत चोरून शिरलेली हवा मोजलीच जात नाही, मिश्रण लीन होते, ट्रिम वर चढतो. मॅपवाल्या गाडीत ती हवा दाब वाढवते, ईसीयूला तो वाढलेला दाब दिसतो आणि तो त्या प्रमाणात पेट्रोलही देतो. त्यामुळे ट्रिम फार हलत नाही, पण आयडल ११००–१२०० वर अडकतो आणि आयडल जास्त असल्याचा कोड पी०५०७ येतो. लीक मोठा असेल तर आणखी एक खेळ दिसतो: अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना आरपीएम ठरावीक मर्यादेबाहेर गेला म्हणून ईसीयू पेट्रोल तोडतो, आरपीएम कोसळतो, पेट्रोल परत सुरू होते, पुन्हा चढतो. हेच ते तालात होणारे वरखाली. मॅपवाल्या गाडीत म्हणून ट्रिमऐवजी आयडलचा आकडा आणि मॅनिफोल्डचा दाब पाहा. गरम इंजिन, एसी बंद, आणि दाब ३० ते ४० ऐवजी ५० किलोपास्कल दिसत असेल तर हवा शिरण्याची शंका पक्की धरा.

स्कॅनर नसेल तर व्हॅक्यूम गेजवरही काम चालते. मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीवर टी लावून जोडा. निरोगी इंजिनात काटा १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर उभा राहतो. उंचावरच्या ठिकाणी दर ३०० मीटरला सुमारे एक इंच वजा करा. काटा १२ ते १५ वर स्थिर असेल तर लीक किंवा मागे पडलेले टायमिंग. ठरावीक तालाने झटके मारत असेल तर व्हॉल्व्हकडे पाहा. २५०० वर धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला आहे.

ट्रिम लीन दाखवतो आणि तरीही लीक नसतो, असे आणखी दोन प्रकार आहेत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचे गॅस्केट फुटले असेल, तर एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज आणि जोडावर काळ्या काजळीची रेघ ही त्याची खूण. दुसरा प्रकार मिसफायर: न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर त्याला लीन समजतो. म्हणून मिसफायरचे, पी०३०० मालिकेतले कोडही सोबत असतील तर प्लग आणि कॉइल आधी तपासा. मात्र मिसिंग एकाच सिलिंडरला, फक्त आयडलला आणि रेस देताच गायब, असे असेल तर उलट त्या सिलिंडरच्या तोंडाशी असलेले मॅनिफोल्ड गॅस्केट किंवा इंजेक्टरची ओ-रिंग पहिली संशयित.

आता बॉनेट उघडा. गाडी मोकळ्या हवेत, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये. बाह्या आणि केस आवरून ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

इंजिन बंद असतानाच हात फिरवून निम्मे लीक सापडतात. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारा घडीदार रबरी पाइप घ्या. वरून तो नवाकोरा दिसतो. दोन्ही हातांनी वाकवा, अकॉर्डियनचा भाता उघडावा तशा त्याच्या घड्या उघडा आणि प्रत्येक घडीच्या तळाशी टॉर्च मारा. चीर तिथेच, खालच्या बाजूला असते. इंजिन हलले की ती उघडते, स्थिर झाले की मिटते. गाडी पुढे घेताना झटका बसतो, मागे घेताना नाही, किंवा याच्या उलट, अशी तक्रार असेल तर संशय या पाइपवरच. काटेकोर बोलायचे तर हा व्हॅक्यूम लीक नाही, कारण तो थ्रॉटलच्या अलीकडे आहे. पण मॅफच्या पुढे असल्याने न मोजलेली हवा आत येतेच, आणि इथली चीर मोठी असेल तर २५०० वरही ट्रिम तितकासा उतरत नाही. मॅपवाल्या गाडीत याच चिरेने ट्रिमला काही होत नाही, फक्त धूळ आत जाते.

दुसरी जागा पीसीव्हीची नळी. क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारी ही नळी बहुधा एल आकाराच्या वळणावर मरते. बाकीच्या नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात, ही मात्र तेलाने फुगून मऊ पडते. चिमटीत दाबा: बोटांचा ठसा तसाच राहिला किंवा रबर हाताला काळे चिकट लागले तर तडा दिसला नाही तरी बदला, कारण चालू इंजिनात ती आत ओढली जाऊन चपटते आणि कडेने फाटते. मग ब्रेक बूस्टरची जाड नळी आणि तिचा वन-वे व्हॉल्व्ह, मॅप सेन्सर किंवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटरकडे जाणारी ३-४ मिलिमीटरची बारीक नळी, वापरात नसलेल्या पोर्टवरची रबरी टोपी. ही टोपी अगदी क्षुल्लक वाटते, तिचे टोक मात्र हमखास फुटलेले असते. नंतर बसवलेला गॅस किट असेल तर मॅनिफोल्डला पाडलेली भोके, त्यातले नोझल आणि व्हॅक्यूमसाठी कापून लावलेले टी-जोड सगळ्यात आधी बघा.

आता इंजिन सुरू करून कान लावा. मीटरभर लांब, ८ ते १० मिलिमीटर आतल्या व्यासाची रबरी नळी घ्या, एक टोक कानाजवळ, दुसरे जोडांवरून सावकाश फिरवा. पट्टे आणि पंख्यापासून लांब. लीकवर आल्यावर ‘सुऽऽस’ असा आवाज एकदम स्पष्ट होतो. इंजेक्टरची टकटक आणि पर्ज व्हॉल्व्हची टिकटिक हे नेहमीचे आवाज आहेत, त्यांना घाबरू नका.

पुढची पायरी सर्वात जास्त उत्तरे देते आणि सर्वात कमी केली जाते: फांद्या तोडणे. मॅनिफोल्डमधून निघणारी एकेक नळी बंद करा आणि आयडल व शॉर्ट टर्म ट्रिम पाहा. जी बंद केल्यावर ट्रिम दहा-पंधरा टक्क्यांनी खाली येतो किंवा आयडल शांत होतो, लीक त्या नळीत किंवा तिच्या टोकाच्या भागात आहे. रबरी नळी पकडीला कापड गुंडाळून दाबा. प्लास्टिकची नळी दाबूच नका, तुटते; ती काढून पोर्टवर रबरी टोपी किंवा बोट ठेवा. पीसीव्ही बंद केल्यावर थोडा फरक पडणारच, कारण तिथून थोडी वाफ नेहमीच जात असते. मोठा फरक शोधायचा आहे.

या फांद्यांपैकी तीन भाग बाहेरून धडधाकट दिसून आतून गळतात, फवाऱ्याला ते कधीच सापडत नाहीत. पहिला पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात सोडणारा. इंजिन चालू असताना त्याचा विजेचा प्लग काढा. वीज नसताना तो बंद असायला हवा. आता कॅनिस्टरकडची (टाकीची वाफ साठवणाऱ्या डब्याकडची) नळी काढून त्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढले गेले तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. टाकी भरल्यावर गाडी लगेच सुरू होत नाही, हे त्याचे ठरलेले लक्षण. प्लग काढल्याचा कोड येईल, तो नंतर पुसा.

दुसरा भाग टॅपेट कव्हरमध्ये बसवलेला पीसीव्हीचा पातळ पडदा. तो फाटला की मॅनिफोल्डचा पूर्ण व्हॅक्यूम क्रँककेसवर येतो. चालू इंजिनात ऑइलचे झाकण सैल करून त्या तोंडावर पातळ हातमोजा ठेवा. हलका आत ओढला जाणे ठीक. झाकण उचलायलाच जोर लागत असेल, किंवा बारीक शिट्टी वाजत असून डिपस्टिक वर ओढताच ती थांबत असेल, तर पडदा गेला. काही गाड्यांत तो सुटा मिळतो, बऱ्याच गाड्यांत अख्खे कव्हर घ्यावे लागते. क्रँककेस मॅनिफोल्डला जोडलेला असल्याने ऑइलच्या झाकणाची आणि डिपस्टिकची रबरी रिंगसुद्धा लीकच्या यादीत येते, हे पुष्कळांना पटत नाही.

तिसरा ब्रेक बूस्टर. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारा, पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली जायला हवे. आयडलला पेडल दाबल्यावर पायाशी सुस्स आवाज येत राहिला आणि आरपीएम बदलला तर बूस्टरचा पडदा फाटला आहे. हे निघाले तर बाकी शोध थांबवा आणि गाडी रस्त्यावर नेऊ नका.

फांद्या सगळ्या ठीक निघाल्या तर उरतात मॅनिफोल्ड गॅस्केट, थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट आणि इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंग. इथे फवारा कामाचा. माझी पसंती साध्या पाण्याला: झाडांना मारायच्या स्प्रे बाटलीत पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, बारीक धार, एका वेळी एकच जोड, मधे दहा सेकंदांची विश्रांती. पाण्याने फट क्षणभर बुजते, आवाज बदलतो, कधी बारीक गुरगुर ऐकू येते. कॉइल आणि विजेच्या जोडांवर पाणी जाऊ देऊ नका.

कार्ब क्लीनर जास्त ठळक दाखवतो, पण तो पेट घेतो. गरम एक्झॉस्टवर थेंब पडला, जुन्या वायरमधून ठिणगी उडाली, की खेळ आटोपला. वापरायचाच असेल तर अग्निशामक हाताशी, नळीचे टोक जोडापासून बोटभर, फवारा अर्धा सेकंद. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मुळीच नको. तापलेल्या धातूवर त्यातून विषारी वायू तयार होतो. आणि नजर आरपीएमवर ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत ईसीयू आयडल स्वतः सांभाळतो, त्यामुळे लीकवर नेमका फवारा बसूनही आरपीएम हलत नाही आणि माणूस पुढे सरकतो. शॉर्ट टर्म ट्रिमचा आलेख लावा: जागा बरोबर असेल तर एक-दोन सेकंदांत तो झपकन खाली कोसळतो. फवाऱ्याची फसवणूक दुसरीही आहे. पंख्याच्या वाऱ्याने वाफ उडून चिरलेल्या रबरी पाइपपाशी जाते आणि दोष मॅनिफोल्डवर येतो. संशयित जागा तीनदा तपासा, तिन्ही वेळा सारखेच झाले तरच माना.

शेवटचा उपाय धूर. यात इंजिन बंद असते, त्यामुळे पंखा-पट्ट्यांचा धोका नाही आणि धूर जिथून निघतो तिथे डोळ्यांनी दिसतो. एअर पाइपचे तोंड हातमोजा आणि रबर बँडने बंद करायचे, ब्रेक बूस्टरची नळी मॅनिफोल्डकडून काढून तिथून धूर सोडायचा. घरी बरणी, बेबी ऑइल आणि ग्लो प्लग वापरून धुराचे यंत्र बनवतात. ते चालते, पण गरम तेलाची वाफ आणि हवा एकत्र बंद भांड्यात ठेवणे म्हणजे आगीशी खेळ, त्यामुळे काचेची बरणी नको, धातूचा डबा घ्या, तो गाडीपासून दूर ठेवा आणि सलग मिनिटभरापेक्षा जास्त तापवू नका. दाब १ पीएसआयच्या आत. टायर भरायचा पंप थेट जोडलात तर जुना लीक सापडण्याआधी दोन नवे सील उडतील. एक्झॉस्टमधून थोडा धूर येणे दोष नाही, एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह अर्धवट उघडे असतात. हे सगळे नको असेल तर सायकलच्या हातपंपाने तेवढाच दाब देऊन जोडांवर साबणाचे पाणी लावा आणि बुडबुडे पाहा. कंटाळवाणे, पण सुरक्षित.

एक प्रकार मात्र यातून निसटतो: थंड असताना गळणारे मॅनिफोल्ड गॅस्केट. सकाळी पहिली दोन-तीन मिनिटे इंजिन थरथरते, गरम झाल्यावर प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम फुगून फट मिटते, आणि गरम इंजिनात कितीही शोधा, काही नाही. रात्रभर उभ्या गाडीवर धुराची किंवा बुडबुड्यांची चाचणी घ्या.

दुरुस्तीत नळीची जात पाहा. पीसीव्हीला तेल सहन करणारे रबर लागते. रेडिएटर-हीटरची कूलंटची नळी लावली तर काही महिन्यांत फुगून परत तेच. ब्रेक बूस्टरला आत चपटणार नाही अशी, व्हॅक्यूमसाठी बनवलेली जाड नळीच. इंजेक्टरच्या ओ-रिंग काढण्याआधी पेट्रोल लाइनचा दाब उतरवा आणि नव्या रिंगला स्वच्छ इंजिन ऑइल चोळून बसवा, कोरडी रिंग बसताना कापली जाते. मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. प्लास्टिक मॅनिफोल्डला अंदाजाचा जोर लावला की कान तुटतो. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन थापू नका. साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते, आणि तुम्ही तो नुकताच नवा घातला आहे.

काम झाल्यावर कोड पुसा आणि लाँग टर्म ट्रिम शून्यावर आला का पाहा. नाही पुसला तरी ईसीयू हळूहळू शिकतो, पण तोपर्यंत जुन्या सवयीने जास्त पेट्रोल देतो आणि काळा धूर व पेट्रोलचा वास येतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत आयडल शिकवण्याची प्रक्रिया करावी लागते, नाहीतर लीकची सवय लागलेला थ्रॉटल आता गरजेपेक्षा जास्त बंद राहतो आणि गाडी उभ्या उभ्या बंद पडते. मग इंजिन गरम करून तीच जोडी परत वाचा, आयडल आणि २५००. दोन्हीकडची बेरीज उणे-अधिक ५ च्या आसपास आणि एकमेकींच्या जवळ असेल तर काम झाले. आयडलला अजून अधिक १० च्या वर असेल तर दुसरा लीक आहे, आणि जुन्या गाडीत तो बहुधा पहिल्याच्या शेजारच्याच नळीत असतो.